कुलधर्म, देशधर्म आणि सर्व्हरची फाइल

पोस्टग्रेसचा डेटाबेस मशीनवर बसवला की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे डेटाची डिरेक्टरी. खातेदारांची नावं, शिल्लक, ठेवी, व्याज, सगळं तिच्यात. दुसरी म्हणजे नियमांची फाइल. सर्व्हरनं किती मेमरी घ्यायची, एका वेळी किती जणांना आत येऊ द्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, घड्याळ कुठल्या गावचं मानायचं, हे ती सांगते. या फाइलीनं राहायचं कुठे, यावर जाणत्या माणसांचे दोन पक्ष आहेत. मी पुण्यात बसून सहकारी बँकांचे आणि पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळते, त्यामुळे दोन्ही पक्षांची मशीनं रोज माझ्या हाताखालून जातात.

पोस्टग्रेसची मूळ रीत अशी की फाइल डेटाच्या डिरेक्टरीतच राहते. इनिटडीबी ही आज्ञा दिली की डिरेक्टरी जन्माला येते आणि तिच्याबरोबरच पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फही. रेड हॅटच्या वळणाच्या मशीनवर आजही असंच असतं. डेबियन आणि उबंटूवर मात्र डेटा राहतो ‘व्हार’मध्ये आणि नियमांची फाइल जाते ‘एटसी’मध्ये. लिनक्सच्या लोकांनी कुठली फाइल कुठे ठेवायची याचं एक प्रमाण १९९४ साली ठरवलं, पुढे ते वाढवत नेलं. त्यात एटसीची व्याख्या सरळ आहे: त्या एका मशीनपुरती मांडणी. डेबियन ते प्रमाण निष्ठेनं पाळतं. जानेवारी २००५ मध्ये पोस्टग्रेसची ८.० आवृत्ती आली, तिच्यात फाइली डेटाबाहेर ठेवायची अधिकृत सोय झाली. पण सोय झाली म्हणून वाद मिटला नाही. एक पक्ष म्हणतो, नियम डेटाचे आहेत, ते डेटाबरोबर राहिले पाहिजेत. दुसरा म्हणतो, नियम मशीनचे आहेत, मशीन सांभाळणाऱ्याला ते एका ठरलेल्या जागी सापडले पाहिजेत.

बरेच लोक याला सोयीचा प्रश्न समजतात. माझ्या मते हा धर्माचा प्रश्न आहे, आणि धर्म हा शब्द मी इथे शास्त्रकारांच्या अर्थानं वापरते आहे. नियम नेमका कुणाला चिकटलेला असतो? जो जगतो त्याला, की तो ज्या जागी जगतो त्या जागेला?

आपल्या धर्मशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला सांगितलंय की न्याय देताना जातीचे, जनपदाचे, श्रेणीचे आणि कुळाचे धर्म नीट पाहून घे. म्हणजे एकाच माणसावर एकाच वेळी कुळाचा नियम असतो, गावाचा असतो आणि तो ज्या व्यवसायात आहे त्याचाही असतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात लिहून पुरे केले. देशाचार आणि कुलाचार यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्या ग्रंथात वारंवार भेटतो. काण्यांनीच नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ संपादित केला. या ग्रंथाची हकीकत मला फार बोलकी वाटते. भट्टांचं घराणं मूळ पैठणचं, पुढे काशीला स्थायिक झालेलं. नीलकंठांनी सतराव्या शतकात काशीत बसून लिहिलं, आणि इंग्रजांच्या न्यायालयांत त्या ग्रंथाला सर्वांत जास्त मान मिळाला तो गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात. मग या ग्रंथाचे नियम पाळणारं कुटुंब तिथून उठून दुसऱ्या प्रांतात गेलं तर वारशाचा नियम कुठला लावायचा? हिंदू कायद्यात उत्तर ठरलं ते असं: कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन जातं, असं धरून चालायचं. नव्या गावचा कायदा त्यांनी स्वीकारला, असं कुणाचं म्हणणं असेल तर ते त्यानं सिद्ध करायचं.

मूळ पोस्टग्रेसवाल्यांचं म्हणणं नेमकं हेच आहे. डेटा हे कुटुंब. ते जिथे जाईल तिथे त्याचा कायदा बरोबर गेला पाहिजे.

पण सगळेच नियम असे बरोबर नेता येत नाहीत. हे मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते माझ्या सासूबाईंच्या एका उत्तरात. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात वांगं वर्ज्य, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर ते पुन्हा ताटात येतं. धाकटे दीर शिकागोला राहतात. एका वर्षी त्यांचा फोन आला, “आई, इथल्या पंचांगात षष्ठी आदल्या दिवशीच दाखवलीय. मी तुमच्या दिवशी करू की इथल्या?” आई क्षणभरही थांबल्या नाहीत. “अरे, खंडोबा आपला, पण सूर्य तिथला. तिथल्या उगवतीला जी तिथी असेल ती धर. नैवेद्य मात्र आपलाच, भरीत आणि रोडगा.”

तिथी सूर्योदयाला पाहतात, आणि सूर्योदय ज्या त्या गावचा असतो, म्हणून दिवस गावानं ठरवायचा. दैवत आणि नैवेद्य कुळानं ठरवायचा. एकाच व्रताचे दोन नियम, आणि दोघांचे मालक वेगळे. आईंनी ते व्रत पूर्ण कुळाकडेही दिलं नाही आणि पूर्ण गावाकडेही. फाइलीच्या वादात दोन्ही पक्षांची चूक होते ती इथेच. अख्खी फाइल एका मालकाची आहे, असं दोघंही धरून चालतात.

घड्याळाचंच बघा. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोन नावाची एक ओळ असते. इनिटडीबी चालते तेव्हा ज्या मशीनवर ती चालली त्याचं घड्याळ बघून ही ओळ फाइलीत लिहिली जाते. आता समजा, बँकेचा डेटा क्लाउडवर नेला आणि तिथलं मशीन यूटीसीवर चालतंय. पैसे जमा झाल्याचा क्षण डेटात बिनचूक राहतो, कारण झोनसकट वेळ ठेवणारा प्रकार वापरला असेल तर पोस्टग्रेस ती आतून यूटीसीतच ठेवतो. पण ‘आजची तारीख काय’ असं सर्व्हरला विचारलं की तो सेटिंगमधल्या घड्याळाकडे बघून उत्तर देतो. भारतात मध्यरात्र होऊन गेली तरी पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीवाला सर्व्हर कालचीच तारीख सांगत राहील. बँकेचं डे-एंड रात्री साडेबाराला चालत असेल तर व्याजाच्या नोंदीवर पडलेली तारीख एका दिवसानं मागे. महिनाअखेर असेल तर महिनाच चुकला. पतसंस्थेत पै-पै जमवणाऱ्या माणसाच्या पासबुकात हे उमटतं, म्हणून मला यात हयगय चालत नाही.

इथे मालक कोण? शिकागोच्या षष्ठीसारखं इथे गावाला विचारून भागणार नाही. मशीन जगाच्या पाठीवर कुठेही असो, बँकेचा दिवस भारतातल्या मध्यरात्रीलाच बदलतो. हा बँकेचा कुलधर्म आहे. पोस्टग्रेसमध्ये त्याची जागासुद्धा आहे: ऑल्टर डेटाबेस ही आज्ञा देऊन त्या डेटाबेसपुरतं घड्याळ एशिया/कोलकाता असं ठरवता येतं. ते मग कुठल्याही फाइलीत राहत नाही. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, डेटाच्या आतच नोंदलं जातं, आणि डेटा जाईल तिथे जातं.

मेमरीचं अगदी उलट. शेअर्ड बफर्स किती ठेवायचे हे मशीनमध्ये रॅम किती आहे यावर ठरतं, डेटाला त्यात बोलायचा अधिकार नाही. मोठ्या मशीनवरचा आकडा लहान मशीनवर जसाच्या तसा नेला तर सर्व्हर कदाचित उठणारच नाही. हा देशधर्म.

मालक नीट न ओळखल्यानं काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. एका बँकेच्या डीआर ड्रिलमध्ये, म्हणजे आपत्तीच्या सरावात, बॅकअपवरून डेटा दुसऱ्या मशीनवर चढवला. मशीन डेबियनच्या रीतीचं, म्हणजे नियमांची फाइल एटसीत, आणि बॅकअप फक्त डेटाचा. बॅकअप घेणारं पीजी_बेसबॅकअप एटसीतल्या फाइलींकडे बघत नाही. डेटा शेवटच्या नोंदीपर्यंत आला, सर्व्हर उठला, आणि एकही शाखा आत येऊ शकेना. दाराचे नियम नव्या मशीनवरचे कोरे होते. ते लिहून झाल्यावर कामकाज रांगत चालायला लागलं, कारण मेमरीचा आकडा पोस्टग्रेसचा आपला मूळचा, १२८ एमबी. दुसऱ्या एका संस्थेत फाइल डेटातच होती. खऱ्या सर्व्हरच्या बॅकअपवरून त्यांनी चाचणीचं मशीन उभं केलं, तर त्याच्याबरोबर आर्काइव्ह कमांडही आली. चाचणीचं मशीन आपल्या वॉल फाइली, म्हणजे बदलांच्या नोंदी, खऱ्या बँकेच्या आर्काइव्हमध्ये निमूटपणे पाठवायला लागलं. पहिल्या ठिकाणी हवे ते नियम मागे राहिले. दुसऱ्या ठिकाणी गावचं बरोबर गेलं. दुसरा प्रकार मी जास्त घातक मानते. पहिल्यात निदान दार बंद असल्याचं लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार दिवस सतावते आहे. जे आपण कुळाचं म्हणतो ते खरंच कुळाचं असतं का? डेटाबेसमध्ये नावांचा क्रम लावलेला असतो, इंडेक्स त्या क्रमावर उभे असतात. याहून डेटाचं स्वतःचं काय असणार, असं वाटतं. पण कुठलं अक्षर आधी, कुठलं चिन्ह नंतर, हे बहुतेक वेळा पोस्टग्रेस ठरवत नाही. तो मशीनच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतो. २०१८ मध्ये जीलिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि क्रमाचे नियम बदलले. इंग्रजी लोकेलवर जुन्या मशीनवर ‘११’ आधी यायचे आणि ‘१-१’ नंतर, नव्यावर उलट झालं. सदनिका क्रमांक, खाते क्रमांक, पावत्यांचे नंबर, मधे आडवी रेघ असलेलं सगळं यात आलं. जुन्या मशीनवरचा डेटा नव्यावर उचलून ठेवला की ओळी सगळ्या जागेवर असतात, पण इंडेक्स जुन्या क्रमानं लावलेला आणि शोधणारा नव्या क्रमानं शोधणारा. असलेलं खातं ‘नाही’ म्हणून उत्तर येतं. तेव्हा सर्व्हर कुठलीही तक्रार करत नसे. काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याचं खातंच नाही असं सांगितलं जाऊ शकतं, आणि सांगणारा कर्मचारी तरी काय करणार, त्याच्या स्क्रीनवर तसंच दिसतंय.

म्हणजे ज्याला आपण कुळाचा क्रम समजत होतो तो गावानं दिलेला होता, आणि गाव बदलल्यावर तो बदलला. पोस्टग्रेसवाल्यांनी हे मनावर घेतलं. आता लायब्ररीची आवृत्ती डेटाबेसमध्ये नोंदली जाते आणि ती जुळली नाही तर इशारा मिळतो. २०२४च्या १७व्या आवृत्तीत तर पोस्टग्रेसनं स्वतःचा असा एक साधा क्रम दिला, त्याला मशीनला विचारावं लागत नाही. गावाकडून घेतलेली गोष्ट विचारपूर्वक कुळात आणली, असं मी याकडे बघते. कुळाचार असेच घडत गेले असणार. खंडोबाच्या ताटातलं वांगं आणि रोडग्याचं पीठसुद्धा कधीतरी इथल्या शेतातूनच कुळात आलं.

आता दुसरा पेच. फाइल कुठेही ठेवली तरी ती कुठे आहे हे सर्व्हरला कोण सांगणार? डेटा कुठे आहे हे नियमांच्या फाइलीत लिहिता येतं. पण नियमांच्या फाइलीचा पत्ता तिच्यातच लिहून उपयोग काय? पोस्टग्रेसची अट आहे की मुख्य फाइलीचा पत्ता फक्त सर्व्हर सुरू करणाऱ्या आज्ञेतूनच देता येतो. ती आज्ञा, मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या एका फाइलीत असते. ती फाइल कुठे शोधायची, हे सिस्टिमडीला कुणी सांगितलं? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात वैशेषिकांना हाच पेच घातला होता. तंतू आणि पट यांना जोडणारा ‘समवाय’ हा वेगळा संबंध मानलात, तर तो समवाय त्या दोघांना कशानं जोडलेला आहे? दुसऱ्या समवायानं? मग त्याला कोण जोडणार? याला अनवस्था म्हणतात. न्याय-वैशेषिकांचं उत्तर असं की समवाय स्वतःच्या स्वरूपानंच जोडलेला असतो, त्याला आणखी दुवा लागत नाही. वेदान्त्यांना ते मान्य झालं नाही.

यात शंकराचार्यांचा तर्क मला जास्त टोकदार वाटतो, पण रोजचं काम करताना मी वैशेषिकांच्या बाजूची आहे. साखळी कुठेतरी थांबवावी लागते. आमच्याकडे ती थांबते बायनरीत कोरलेल्या एखाद्या पत्त्यापाशी, जो सगळ्यांनी आधीच मान्य केलेला असतो. आणि तो पत्ता कधीही डेटाच्या आत नसतो, नेहमी मशीनच्या बाजूला असतो. डेटाला जागं करणारी पहिली हाक बाहेरून यावी लागते. एटसीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तो सोयीचा मुद्दा नाही.

दाराच्या नियमांचंही तसंच. कुठल्या पत्त्यावरून कोण आत येऊ शकतो हे पोस्टग्रेस पीजी_एचबीए.कॉन्फ या वेगळ्या फाइलीत ठेवतो. मायएसक्यूएल तीच माहिती आपल्याच आतल्या टेबलात ठेवतो. मग एखाद्या दिवशी सगळ्यांनाच बाहेर ठेवणारा नियम लिहिला गेला, तर तो बदलायला आत जावं लागतं आणि आत जाता येत नाही. तेव्हा बरेचदा मायएसक्यूएलला परवानग्यांची तपासणीच बंद करून सुरू करतात, म्हणजे काही काळ निदान मशीनच्या आतून तरी दार सताड उघडं. दाराचा नियम दाराबाहेर असावा, आणि तो बदलायचा अधिकार घराच्या मालकाबरोबर गावच्या राखणदारालाही असावा, हे मला पटतं.

२०१४च्या ९.४ आवृत्तीपासून एक नवा मार्ग आला. ऑल्टर सिस्टिम म्हटलं की सर्व्हर स्वतःच आपला नियम पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये लिहितो. ही फाइल कायम डेटातच राहते आणि सगळ्यात शेवटी वाचली जाते, म्हणून फाइलींमध्ये तिचा शब्द अखेरचा. एटसीतली फाइल उघडून वाचणाऱ्या माणसाला एक दिसतं आणि सर्व्हर दुसरंच करतो. खरं काय चाललंय ते पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये फाइलीच्या नावासह आणि ओळीसह दिसतं, पण ते बघायला पाहिजे. माझा आक्षेप वेगळाच आहे. हातानं लिहिलेल्या फाइलीत नियमाशेजारी कारण लिहिता येतं: ‘मार्चअखेरीसाठी वाढवलं, एप्रिलमध्ये कमी करायचं’. सर्व्हरनं स्वतः लिहिलेल्या ओळीला कारण नसतं. कुणी सांगितलं, कधी, कशासाठी, काहीच नाही. नियम पाळणाऱ्याला त्याचं कारण विचारता आलं पाहिजे, नाहीतर तो पुढच्या पिढीत नुसता विधी होऊन राहतो. १७व्या आवृत्तीत हा मार्ग बंद करायची कळ दिली आहे. ज्या मशीनवर माझा शब्द चालतो तिथे मी तो मार्ग बंदच ठेवते.

सगळ्या गोष्टी अशा सुट्या होत नाहीत, हेही खरं. मॅक्स कनेक्शन्स म्हणजे एका वेळी किती जण आत येतील याचा आकडा. हा मशीनचा नियम वाटतो. पण मूळ सर्व्हरवर तो ३०० असेल तर ती गोष्ट वॉलमधून डेटातही नोंदली जाते, आणि दुसऱ्या मशीनवरच्या हॉट स्टँडबायवर, म्हणजे मूळ सर्व्हरच्या चालत्या प्रतीवर, तो १०० ठेवला तर स्टँडबाय चालायला नकार देतो. गावचा नियम कुटुंबात संस्कार म्हणून उतरतो, आणि दुसऱ्या गावात जाऊनही आठवतो. अशा नियमांना मी दोन्हीकडे लिहिते आणि दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख करते.

माझा निर्णय असा. रॅम, पोर्ट, लॉगची जागा, आर्काइव्हचा पत्ता आणि दाराचे नियम एटसीत, आणि एटसीचा बॅकअप डेटाच्या बॅकअपइतक्याच काळजीनं पण वेगळा घ्यायचा. बँकेची तारीख, अक्षरांचा क्रम, खातेदाराच्या पैशाला स्पर्श करणारं जे काही आहे ते डेटाच्या आत, ऑल्टर डेटाबेसनं किंवा डेटाबेस तयार करतानाच. दोन्ही पक्षांपैकी एकालाच निवडायची सक्ती कुणी केली तर मी एटसी निवडीन, कारण रात्री अडीचला जी मुलगी अनोळखी मशीनवर लॉगिन करेल तिला पहिली पाच मिनिटं शोधाशोध करण्यात घालवावी लागू नयेत.

या कामात नव्यानं येणाऱ्यांना एक विनंती करते. पुढचा सर्व्हर उभा करण्याआधी पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फमधली तुम्ही बदललेली प्रत्येक ओळ घ्या, आणि तिच्या शेजारी दोन गोष्टी लिहा: ही ओळ कुणाची आहे, डेटाची की मशीनची, आणि ती का बदलली. फाइल कुठे ठेवायची ते त्यानंतर ठरवा.